चरा पुसण्याआधी

मैत्रिणींनो, मोटारसायकलच्या पेट्यांवरचे चरे कसे घालवावेत, हा काही आपल्या पानावरचा विषय नव्हे, असे तुम्ही म्हणाल. चांदीच्या भांड्यांचा काळेपणा, सतरंजीवर सांडलेला चहा, करपलेले पातेले, हे आपले विषय. मोटारसायकल आणि तिच्या पेट्या हे पुरुषांचे राज्य. मलाही तसेच वाटत होते. पण घरात आलेली वस्तू शेवटी कोणाच्या अंगावर पडते? पुसायची कोणी? जागेवर ठेवायची कोणी? आमच्या घरी तरी या प्रश्नाचे उत्तर एकच आहे. म्हणून सांगते, आणि शेवटपर्यंत वाचा, कारण मला सांगायचे आहे ते नुसते चऱ्यांचे नाही.

आम्ही साताऱ्याचे. आमचे हे २०१७ साली बँकेतून निवृत्त झाले. पहिले वर्ष पेपर वाचण्यात आणि माझ्या स्वयंपाकात लक्ष घालण्यात गेले. "फोडणीत हिंग आधी का मोहरी आधी?" असले प्रश्न रोज ऐकून मी अगदी टेकीला आले होते. मग २०१८ साली यांनी बुलेट घेतली. तरुणपणी घ्यायची राहून गेली होती. मुलाची फी, घराचा हप्ता, सासूबाईंचे आजारपण, यात ती मागे पडली ती पडलीच. साडेतीनशे सीसीची, वजन दोनशे किलोच्या घरात. मी म्हटलं, "अहो, ही तुम्ही चालवणार का हिने तुम्हांला चालवायचं?" पण खरे सांगते, बुलेट आली आणि माणूस बदलला. सकाळी उठून यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत जाऊन यायचे. मेढा, केळघरवरून महाबळेश्वर गाठायचे. आणि महिन्या-दीड महिन्याने आमच्या वन्संकडे चिपळूणला फेरी. जाताना कंदी पेढे, येताना आमसुले, कुळीथ, मोसमात आंबे. त्यासाठीच २०१९ साली गाडीच्या दोन्ही अंगांना प्लास्टिकच्या दोन पेट्या बसवल्या. कुलूपवाल्या, काढ-घाल करता येणाऱ्या. घरी आले की पेट्या काढून थेट माझ्या स्वयंपाकघरात. तेव्हापासून त्या पेट्या म्हणजे माझ्याच डब्यांपैकी दोन मोठे डबे, असे मी धरून चालले.

२०२३ च्या जूनमध्ये हे चिपळूणहून आले, पेट्या ओट्यापाशी ठेवल्या आणि हातपाय धुवायला गेले. पाहते तो डाव्या पेटीच्या कोपऱ्यावर हे एवढे पांढरे ओरखडे. मी विचारले तर म्हणाले, "कुणीतरी पार्किंगमध्ये ठोकली असेल. लोकांना गाड्या लावायची अक्कल आहे का?" विषय तिथेच संपला. आता घरात ओरखडलेली वस्तू मला बघवत नाही, हा माझा स्वभाव. माझ्या पितळी डब्यांत तुम्हांला तोंड दिसेल. मी पदर खोचला आणि त्या पेटीच्या मागे लागले.

पहिला धडा असा, की सगळ्या खुणा म्हणजे चरे नसतात. साबणाच्या कोमट पाण्याने, मऊ फडक्याने पेटी धुतली तर निम्म्या पांढऱ्या रेघा निघून गेल्या. ती भिंतीची सफेदी किंवा दुसऱ्या गाडीचा रंग असतो, आपल्या पेटीला लागलेला. घासणी मात्र वापरायची नाही, तारेची तर नाहीच. पांढरा जादूचा स्पंज म्हणून जो मिळतो, तोही खरे तर बारीक घासणीच आहे. चकचकीत भागावर तो फिरवला की तेवढा भाग मंद पडतो.

उरलेल्या रेघेवरून नख आडवे फिरवा. नख अडखळले नाही तर चरा वरवरचा. अडखळले तर खोल. आणि पाण्याचे बोट लावून पाहा. ओले असेपर्यंत चरा दिसेनासा होतो, वाळला की पुन्हा हजर. असे का, तर काळ्या प्लास्टिकचा रंग कुठे गेलेला नसतो. वरचा भाग खडबडीत झालेला असतो, त्यावर पडलेला उजेड चहूकडे फाकतो, म्हणून काळे पांढुरके दिसते. पाण्याने खाचा भरल्या की पुन्हा काळे. शेजारच्या काकूंनी मला सांगितले होते, खोबरेल लाव, चरा जातो. मैत्रिणींनो, जात नाही. तेलही पाण्यासारखेच खाचा भरते एवढेच. चार दिवस छान दिसते, मग त्यावर धूळ बसून आणखी घाण. तेल म्हणजे दुरुस्ती नव्हे, लपवणे आहे.

दुसरा धडा मी नुकसान करून शिकले. सूनबाईंची नेलपॉलिश काढायची बाटली घरात होती. नखाचा रंग निघतो तर पेटीवरचा डाग का निघणार नाही, म्हणून कापसाने पेटीच्या झाकणावर चोळली. बघता बघता झाकण चिकट झाले, कापसाचे तंतू त्यात रुतून बसले आणि चकाकी गेली ती गेलीच. मग आमच्या भागात गाड्यांना रंग देणारे एक मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे गेले. ते हसले आणि म्हणाले, "काकू, आधी पेटी कशाची आहे ते वाचायचं."

वाचायचे म्हणजे खरोखरच वाचायचे. पेटीच्या आत, बुडाशी किंवा झाकणाच्या कडेला बारीक इंग्रजी अक्षरे उठवलेली असतात. आमच्या पेटीचे अंग दाणेदार काळे, त्यावर 'पीपी' लिहिलेले. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. आपल्या स्वयंपाकघरातले पुष्कळ डबे याचेच असतात. बुडाशी त्रिकोणात ५ हा आकडा असतो तो त्याचाच. झाकण मात्र गुळगुळीत, चकचकीत, त्यावर 'एबीएस' लिहिलेले. या एबीएसला ॲसिटोन विरघळवते, आणि नेलपॉलिश काढायच्या पुष्कळ बाटल्यांत ॲसिटोनच असते. थिनर, पेट्रोल यांनाही या कामात हात लावू नका. पेट्रोलने एबीएसला पुढे बारीक तडे जाऊ शकतात. अक्षरे सापडली नाहीत तर आतल्या कडेची नखाएवढी कपची ब्लेडने काढा आणि वाटीभर पाण्यात दाबून सोडा. साधे पीपी पाण्याहून हलके असते, ते वर येऊन तरंगते. एबीएस बुडते. मिस्त्रींनी हे सांगितले तेव्हा मी घरी येऊन चार डब्यांच्या कपच्या पाण्यात टाकून पाहिल्या. शाळेत असते तर पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

आता उपाय. गुळगुळीत झाकणावर नखाला न लागणारा चरा असेल तर गाडीच्या दुकानात मिळणारे रबिंग कंपाउंड मऊ सुती फडक्यावर घेऊन गोल गोल चोळायचे, बस्स. नखाला लागत असेल तर वॉटरपेपर. आठशे नंबरने सुरुवात, मग हजार, पंधराशे आणि शेवटी दोन हजार. आकडा जितका मोठा तितका कागद बारीक. कागद साबणाच्या पाण्यात भिजवून घ्यायचा, हात हलका ठेवायचा, आणि प्रत्येक कागद आधीच्याला आडवा फिरवायचा, म्हणजे आधीच्या कागदाच्या रेघा गेल्या की नाही ते कळते. मधला नंबर गाळलात तर शेवटी झाकणावर जाळे दिसते. मी गाळला होता म्हणून सांगते. मग रबिंग कंपाउंड. हे सगळे आमच्या झाकणाचा रंग मालातच मिसळलेला आहे म्हणून. वरून रंग दिलेले झाकण असेल तर कागदाबरोबर रंगही जाईल. ते काम रंगाऱ्याकडेच द्या.

दाणेदार भागाला मात्र कागद कधीही लावू नका. दाणे एकदा घासले गेले की ती जागा चकाकते आणि चऱ्याहून वाईट दिसते. तिथे उपाय गरम हवेचा. आपल्या केसांच्या ड्रायरने दुमडीची पांढरी खूण थोडीफार जाते, ओरखडा जात नाही. मिस्त्री गरम हवेची बंदूक वापरतात. ती वीतभर अंतरावरून सारखी फिरवत ठेवायची, एका जागी थांबवायची नाही. वरचा पांढुरका थर मऊ होऊन बसतो आणि काळा रंग परत येतो. गेलेले दाणे पुरते परत येत नाहीत, पण हातभर अंतरावरून कोणाला कळत नाही. जास्त तापवली तर पेटी वाकते. आणि हा उपाय पीपीचाच. ते वितळायला १६० अंशांच्या आसपास उष्णता लागते, तर एबीएस उकळत्या पाण्याच्या आसपासच मऊ पडू लागते. खिडक्या उघड्या ठेवा, मुलांना दूर ठेवा, आणि पेटी निवेपर्यंत बोट लावू नका.

तर अशी मी ती पेटी जूनमध्ये लख्ख केली. हे म्हणाले, "वा! शोरूममधून आणल्यासारखी!" मी फुशारले.

दसऱ्याच्या सुमारास पुन्हा तेच. डावी पेटी, तोच कोपरा, थोडा खाली. या वेळी मी विचारलेदेखील नाही. यांनीच आपणहून सांगितले, "त्या पाटणच्या हॉटेलपाशी एकाने टेम्पो मागे घेतला." चहा व्हायच्या आत पेटी माझ्यापुढे आणून ठेवली, वॉटरपेपरसुद्धा स्वतः आणून दिले. मला आपले कौतुक वाटले, की नवरा माझ्या कामाची कदर करतो. आता तर शेजारणीही आपापल्या सूटकेसा घेऊन येऊ लागल्या होत्या. मी दोन तासांत पेटी साफ केली. लख्ख. पाटी कोरी.

तिसरी वेळ २०२४ च्या जानेवारीतली. संक्रांतीला वन्संकडे तिळगूळ पोचवून हे आले. डावी पेटी, तोच कोपरा. पण या वेळी ओरखडे खोल होते आणि गरम हवा लागणार होती, म्हणून मी पेटी मिस्त्रींकडे नेली. त्यांनी ती उलटसुलट केली आणि अगदी सहज म्हणाले, "काकू, काका परत पडले का?"

मी म्हटलं, "पडले कुठं? टेम्पोवाल्यानं ठोकली."

मिस्त्री गप्प झाले. मग त्यांनी मला पेटी वाचून दाखवली. दुसरी गाडी घासून गेली तर ओरखडा आडवा असतो, लांब असतो, आणि त्यात त्या गाडीचा रंग असतो. भिंतीला घासली तर चुना असतो. चालती गाडी पडून घसरत गेली तर पुढून मागे समांतर रेघा उठतात, लांबच लांब. आणि उभी गाडी जागच्या जागी कलंडली तर पेटीचा सर्वांत बाहेर आलेला कोपरा तेवढा जमिनीवर आपटतो. रेघा आखूड असतात, आणि मधे खडीचे टोचे असतात, सुईने टोचल्यासारखे. आमच्या पेटीवर आखूड रेघा होत्या आणि टोचे होते. एका टोच्यात तर बारीक खडीचा कण अजून रुतून बसला होता.

मी पेटी तशीच उचलून घरी आणली. रिक्षात मांडीवर घेऊन बसले होते. जूनमध्ये असेच टोचे होते का? दसऱ्याला? मला आठवेना. आठवणार कसे? मी बघितलेच नव्हते. चरा दिसला की पुसायचा एवढेच मला ठाऊक. दोन वेळा माझ्यापुढे लिहून आणून दिलेले मी न वाचताच पुसून टाकले होते.

घरी आल्यावर विचार करत बसले. मोटारसायकल थांबवताना उजवा पाय ब्रेकवर असतो, म्हणून टेकायचा तो डावा पाय. आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात, पाणी वाहून जावे म्हणून. गाडी डाव्या कडेला थांबली की डाव्या पायाला जमीन आणखी खाली शोधावी लागते. म्हणजे तिन्ही वेळा गाडी थांबताना डावीकडेच गेली. थांबताना! वेगात नव्हे, घाटात नव्हे, कोणी धडकून नव्हे. पाय टेकायचा त्या क्षणाला.

यांना २००६ पासून साखर आहे. गोळ्या चालू आहेत, पथ्य आपले सणवार सोडून. मी उठले आणि दारात काढून ठेवलेले यांचे बूट हातात घेतले. का घेतले ते मला सांगता येणार नाही. डावा बूट उलटा केला तर त्यातून टप्पकन एक खडा पडला. वाटाण्याएवढा. मी यांना हाक मारली. म्हटलं, "अहो, बुटात खडा होता. टोचला नाही?" हे म्हणाले, "कुठला खडा?" पाय बघितला तर टाचेच्या पुढे रुपयाएवढा फोड, फुटलेला, मोजा त्याला चिकटलेला. सकाळी चिपळूणहून निघाल्यापासून तो खडा आत होता. चहाला उतरले, भाजी घ्यायला बाजारात हिंडले, आणि माणसाला पत्ता नाही.

त्या रात्री मी पेटी हॉलच्या मधोमध ठेवली. म्हटलं, "या वेळी मी हे पुसणार नाही. आधी काय झालं ते सांगा."

बराच वेळ हे काही बोलले नाहीत. मग बोलले. तीन वेळा नव्हे, पाच वेळा पडले होते. दोनदा गवतावर, म्हणून खूण उठली नव्हती. एकदा कुंभार्ली घाटात वळणावर एसटीला वाट देण्यासाठी थांबले आणि तिथेच कलंडले. एसटीतली माणसे उतरली आणि त्यांनी गाडी उचलून दिली. एका पोराने विचारले, "आजोबा, एकटेच निघालात?" ते यांना गाडी पडण्यापेक्षा जास्त लागले होते. मी विचारले, "पडता कसे पण?" तर म्हणाले, "पाय टेकला असं वाटतं गं. पण टेकलेलाच नसतो."

हे वाक्य मी विसरणार नाही.

"मला सांगितलं का नाही?"

"तू गाडी बंद केली असतीस."

मैत्रिणींनो, माझ्याकडे याला उत्तर नव्हते. मी बंद केलीच असती. जूनमध्ये सांगितले असते तर त्याच दिवशी किल्ली माझ्या कपाटात गेली असती, वर चार लोकांत बोलूनही दाखवले असते. माणूस लपवतो तेव्हा लबाडी त्याची असतेच. पण सांगायला जागा आपण ठेवली होती का, हेही एकदा स्वतःला विचारावे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी यांना डोळे मिटायला सांगितले आणि एक नायलॉनचा जाडसर तंतू तळव्याला ठिकठिकाणी टेकवला. दहा ग्रॅम दाब पडला की वाकणारा असा तो तंतू असतो. टेकला की 'हो' म्हणायचे. तंतू टेकत होता आणि हे गप्प होते. मी शेजारी बसून बघत होते. मनात म्हणत होते, अहो, म्हणा ना हो. मग कंप पावणारा काटा अंगठ्यावर ठेवला. तोही नीट कळेना. अंगठा वर केला की खाली, तेही दोनदा चुकले. डॉक्टरांनी समजावून सांगितले. बरीच वर्षे साखर असली, आणि ती आटोक्यात नसली, की नसा बोथट होतात. सुरुवात सहसा पायाच्या बोटांपासून होते आणि मोजा चढवल्यासारखी बधिरता वर सरकते. त्यांनी बी १२ जीवनसत्त्वही तपासायला सांगितले, कारण साखरेची एक नेहमीची गोळी वर्षानुवर्षे घेतली तर ते कमी होऊ शकते आणि त्यानेही बधिरता येते. यांचे ते थोडे कमी निघाले, त्याचे औषध सुरू झाले. पण गेलेली संवेदना सगळी परत येईल असे काही डॉक्टर म्हणाले नाहीत. जपायचे, एवढेच. रोज रात्री तळवे बघायचे, आरसा धरून किंवा घरच्या माणसाकडून. अनवाणी चालायचे नाही. चप्पल-बूट घालण्याआधी झटकायचे. फोडाला साधा फोड समजायचे नाही. आणि वर्षातून एकदा तरी पायाची तपासणी.

गाडीविषयी डॉक्टरांनी मलाच विचारले. मी म्हटलं, "ते सांगतील." हे म्हणाले, "दोन दिवस द्या."

दोन दिवस हे घरात होते आणि नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात खाटखूट ऐकू आली म्हणून पाहिले, तर पेट्यांच्या लोखंडी चौकटी सोडवीत बसले होते. मी चहाचा कप शेजारी ठेवून आत आले. काही वेळा बायकोने काहीच बोलू नये, हे मी तेव्हा शिकले, जरा उशिराच.

बुलेट कऱ्हाडच्या पुतण्याला द्यायची ठरली, पेट्यांसकट. तेव्हा मी ती पेटी चौथ्यांदा हातात घेतली. पण या वेळी आधी बघितली. बाहेरून नव्हे, सगळीकडून. आतला माल काढून पेटीत पाणी भरून ठेवले. तासाभराने ओटा ओला! गाडीला अडकते त्या बाजूला, कुलपाच्या खाली, केसासारखा तडा होता. तीन वेळा आपटून गेलेला. आणि मी मात्र समोरचा कोपरा घासून चकचकीत करत होते. नुसता अंगावरचा तडा असता तर मिस्त्रींनी त्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडले असते, म्हणजे तो पुढे सरकत नाही, आणि पीपीचीच काडी वितळवून सांधला असता. पीपीला साधा गोंद धरत नाही, हे लक्षात ठेवा. पण जिथे पेटीचा भार पेलला जातो तिथला सांधा भरवशाचा नाही, असे ते म्हणाले. आत दहा किलोची मर्यादा छापली होती. वाटेत ती सुटून मागच्या गाडीपुढे पडली असती तर? तेव्हा खालचा भाग नवा मागवून बसवला. झाकणावरचे चरे मी चारही नंबरांच्या कागदांनी काढले, एकही न गाळता. पुतण्याला मात्र सगळे सांगितले. ही पेटी कुठे पडली, काय बदलले, कोणता भाग जुना आहे. तो म्हणाला, "काकू, दिसत तर काहीच नाही!" मी म्हटलं, "म्हणूनच सांगते बाबा."

आता यांच्याकडे गिअर नसलेली स्कूटर आहे. बुलेटच्या जवळजवळ निम्म्या वजनाची. दोन्ही ब्रेक हातात, बैठक खाली, त्यामुळे दोन्ही पाय जमिनीवर टेकतात. ती घेण्याआधी डॉक्टरांना विचारले. गावातल्या गावात, दिवसाउजेडी, आणि एकटे लांब नाही, या बोलीवर. चिपळूणला आम्ही दोघे एसटीने जातो. कुंभार्ली घाटातले ते वळण आले की हे खिडकीबाहेर बघतात. मीही बघते. बोलत कोणी नाही. बुलेटची जागा स्कूटरने भरून निघाली असे मी तुम्हांला सांगणार नाही. कारण तसे झालेले नाही. पण रोज रात्री जेवणानंतर हे पाय पुढे करतात, मी चष्मा लावून तळवे बघते, आणि काही झाले असेल तर आता आपणहून सांगतात. परवा म्हणाले, "आज नाक्यावर जरा तोल गेला होता." पूर्वी हे वाक्य मला ऐकायला मिळाले नसते. आणि मिळाले असते तर मी जी काही बोलले असते, ते आठवून मी नुसती "बरं" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला.

तर मैत्रिणींनो, वॉटरपेपरचे नंबर कुठे तरी लिहून ठेवा, नेलपॉलिशची बाटली दूर ठेवा, दाण्यांना कागद लावू नका. पण त्या सगळ्याच्या आधीची पायरी मी तुम्हांला शेवटी सांगते आहे. चरा दिसला की लगेच पुसायला धावू नका. तो कुठे आहे, किती खोल आहे, कितव्यांदा आला आहे, तेवढे बघा. शाळेतून येणाऱ्या मुलाचा फाटलेला खिसा असो, सासूबाईंच्या कोपरावरचा निळा डाग असो, नाही तर गाडीच्या पेटीचा कोपरा असो. आपल्या हाताला सगळे साफ करायची सवय असते, आणि ती चांगलीच आहे. फक्त पुसण्याआधी एकदा वाचा. आणि मग विचारताना जरा हळू विचारा, म्हणजे उत्तर मिळते.